दारात अंथरलेली घोंगडी

नैरोबी, फाल्गुन वद्य तृतीया, संध्याकाळ

आईनं दादासाठी जुन्नरहून माझ्याबरोबर घोंगडी धाडली होती, आपल्याच मेंढरांच्या लोकरीची. दादा इथं रेल्वेत सुतार, खोली पोलीस चौकीसमोरच. आज तिथं इथल्या माणसांची गर्दी जमली. त्यांच्या पुढाऱ्याला गोऱ्या सरकारनं कोंडलंय. आम्हाला रोज रताळी विकणारी म्हातारीही त्यात होती. उभं राहून दमली, घरी निघाली. ती आमच्या दारावरून जाताना दिसली, तशी मी तिच्यासाठी दारात घोंगडी अंथरली. दारी आलेल्याला न बसवता कसं पाठवायचं? ती हसून बसली, लोकरीवरून हात फिरवत राहिली.

आरडाओरडा वाढला तसा दादा आतून ओरडला, "आरं, तिला घरी जा म्हण!"

पण घोंगडीवर बसलेल्या पावण्याला ऊठ म्हणायचं? आपल्यात कुणी म्हणतं का? मी तिला बसूच दिलं. आणि चौकीतून गोळ्या सुटल्या, एक तिला लागली.

दादा म्हणतो, "तुझा काय दोष न्हाई रं." मग माझ्याकडं बघत का नाही?

तिच्या लेकांनी तिला घोंगडीसकट उचलून नेलं. आईच्या घोंगडीवरून तिला कुणी उठवलं नाही. शेवटपर्यंत.