लक्ष नाही

गुरुजी, तुम्ही जाऊन लई वर्षं झाली, आणि मी इथं हैदराबादेत दिवसभर शाळेतली पोरं बघत बसतो. हसू नका. सातवीत शाळा सोडलेल्याला हे काम मिळालं, कारण माउस हलवता आला की इथं घेतात. आधी विटा उचलल्या, हॉटेलात भांडी घासली, कुठंच टिकलो नाही. इथं निदान सावली आहे. वर्गातल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ समोर येतो, आवाज नसतो. एकेका पोराच्या तोंडाभोवती चौकट काढायची. फळ्याकडं बघत असेल तर हिरवी. दुसरीकडं बघत असेल तर लाल, म्हणजे लक्ष नाही. आमच्या चौकटी बघून मशीन शिकतं. उद्या तेच मशीन शाळेत बसून कुठलं पोर अभ्यासाचं आणि कुठलं वाया गेलेलं, हे हेडमास्तरला सांगणार.

परवा पडद्यावर एक पोरगी आली. दप्तराशेजारी निळी घागर, आणि सारखी खिडकीकडं नजर. गावाचं नाव दाखवत नाहीत, पण मला काय सांगायला लागतं? टँकरची वाट बघत होती ती.

मी शाळेत असताना आपल्याकडं एका वर्षी असाच दुष्काळ होता. लोह्याच्या रस्त्यावरच्या टपरीत माणसं नव्या जिल्ह्याच्या मागणीवरून भांडायची, जिल्हा झाला की नळ येईल म्हणायची. तुम्ही म्हणालात, "जिल्हा झाला की पाटी येती रे, पाणी न्हाई." मी वर्गात बसलोय. टँकर विहिरीत रिकामा झाला की झुंबड उडते, आमची वस्ती सगळ्यात लांब, माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेली, म्हणजे पाणी भरायचं मलाच. माझी नजर बाहेर. तुम्ही कानाखाली देता. "काय हाय रे बाहेर? तुजा बाप नाचायलाय का?" वर्ग हसतो. मी म्हणतो, "टँकर, गुरुजी." दुसऱ्या दिवशी तुमची खुर्ची खिडकीपाशी, तोंड रस्त्याकडं. "तुम्ही फळ्याकडं बघा, गाडीकडं मी बघतो." धूळ उडाली की तुम्हीच ओरडायचा, "पळा रे, वस्तीवाले आधी!" मारल्याबद्दल मात्र एक शब्द बोलला नाहीत कधी.

मी सुपरवायझरला घागर दाखवली. तो म्हणाला, "तेरेकू क्या करना रे? खिडकी देखी, लाल डाल." कामावर घेताना आम्हाला नीतिमत्तेचा एक वर्ग दिला होता. सगळ्या मुलांशी सारखं वागा, असं पडद्यावर आलं, चहा-बिस्कीट झालं, सह्या झाल्या. आता सारखं वागायचं तर हिलाही लालच पडणार. कंटाळून बाहेर बघणारी आणि तहानेनं बाहेर बघणारी, मशीनला दोघी एकच. मी म्हणालो, "एक तीसरा रंग दो, भाई. मालूम नहीं, मास्टर को पूछो, ऐसा." तो लई हसला. "मास्टर को पूछना होता तो मशीन काय्कू लेते रे?"

मी लाल टाकली नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर सुपरवायझरनं माझ्याकडून तो व्हिडिओ काढून शेजारच्याला दिला. त्यानं हातातला चहा खाली न ठेवता लाल टाकली आणि पुढं गेला. अशा किती पोरांच्या कपाळी ती बसली असेल, कुणाला ठाऊक. त्यांच्या गावात तुमच्यासारखा कुणी असला, तरी आता त्याला कोण विचारणार?

राग येतो तो तुमचाच. बाकी सगळे निवांत झोपतात. मलाच हे असलं बघायला शिकवलंत आणि पुढं काय करायचं ते न सांगता मरून गेलात. माझ्या अडून बसण्यानं त्या पोरीचं काय भलं झालं, सांगा ना.

हे पत्र कुठंच जायचं नाही, म्हणून लिहितो. मला आता दुसरं काम दिलंय, टमाट्यांचे फोटो. पिकलेला कुठला, कच्चा कुठला, एवढंच बघायचं. ते मिळालं त्या दिवशी, गुरुजी, मला बरं वाटलं.