डावखुरी गिटार

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. उमरगा

अखेर पाटी लागली! 'डॉ. कृष्णराज, दंतवैद्य'. बारा वर्षं सोलापुरात दुसऱ्यांच्या दवाखान्यात दुसऱ्यांच्या नावानं दात काढले. आजपासून दात लोकांचे आणि नाव माझं. खुर्ची वर न्यायला चार हमाल लागले. जिन्याच्या वळणावर ती अशी अडकली, की नंदीश म्हणाला, आता पेशंटलाच जिन्यात झोपवू.

नंदीश माझा कॉलेजपासूनचा दोस्त. खाली त्याचं टाइल्सचं दुकान, मागं घर, आणि वरचा हा मोकळा मजला माझा: पुढं दवाखाना, आत दोन खोल्या. समोर हैदराबादचा हायवे. ट्रकनं हॉर्न दिला की बेसिनवरचा आरसा थरथरतो. सहा महिने नंदीश माझ्या मागं लागला होता. तू फकस्त ये रं, बाकी समदं माझ्यावर सोड, असं दर फोनला. माझी बायको वैष्णवी शाळेच्या नोकरीमुळं सध्या सोलापुरातच राहील, जमेल त्या रविवारी येईल. नंदीशच्या श्रीदेवीनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली. इतकी जेवलो की पहिला पेशंट मीच होणार.

संध्याकाळी गुलबानो चाची आल्या. त्या अबुजरच्या आई. अबुजर, नंदीश आणि मी, असा आमचा तिघांचा बँड होता. नंदीश कीबोर्डवर, मी इलेक्ट्रिक गिटारवर, अबुजर गायचा. अठरा वर्षांपूर्वी डिसेंबरात इथल्याच एका गॅदरिंगला, स्टेजवर शॉक लागून तो गेला. मांडववाल्याचं वायरिंग खराब होतं. त्यानंतर मी गिटारला हात लावला नाही. चाची समोरच्या गल्लीत एकट्या राहतात. नंदीश त्यांचं सगळं बघतो, लेकानं बघावं तसं. दर ईदला त्या त्याच्या हाती माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा धाडायच्या. आज त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, एकेक बोट दाबून बघितलं आणि म्हणाल्या, अच्छे हैं बेटा, लई चांगले ऱ्हायले. मला भरून आलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज तीन पेशंट. दुपारी रिकामे खोके माळ्यावर टाकायला चढलो तर गादीच्या खोळीत काहीतरी लांबट लागलं. ओढून काढलं. माझी गिटार! तीच लाल, टोनचं बटण तुटलेली, मागं कंपासनं कोरलेला माझा 'कृ'. नंदीशनं तर सांगितलं होतं, की पोलिसांनी पंचनाम्यात नेली ती परत आलीच नाही. विचारलं तर कान खाजवत म्हणाला, तुला तरास हुईल म्हणून बोललो न्हाय. राग आला, पण टिकला नाही. अठरा वर्षं माझी वस्तू कुणी जपली, याचं कौतुकच जास्त वाटलं.

जपलीय मात्र जिवापाड. तारा कोऱ्या करकरीत, पट्टीला तेलाचा हात. फक्त तारा उलट्या क्रमानं लावल्यात, डावखुऱ्यासाठी लावतात तशा. नंदीश म्हणाला, दुकानवाल्यानं घोळ घातला असंल. आमच्यात डावखुरा एकच होता, अबुजर. तो माझीच गिटार उलटी धरून वाजवायचा आणि वर मलाच चिडवायचा, की तूच उलटा धरतोस. रविवारी वेळ काढून तारा बदलीन.

९ नोव्हेंबर, रविवार

वैष्णवीला शाळेचं काम निघालं, ती आली नाही. गिटार जोडायचा नंदीशचा जुना ॲम्पही खाली दुकानात सापडला. तारा बदलायचा कंटाळा केला आणि गंमत म्हणून गिटार उलटी धरली. आणि ती वाजली! डाव्या हातानं तारा छेडत होतो, उजव्या हाताची बोटं पट्टीवर आपली जागा शोधत चालली होती, सरावाच्या वाटेनं घरी निघालेल्या गाईसारखी. ऐन उमेदीतही मी इतकं चांगलं वाजवलं नव्हतं. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. थांबलो तेव्हा नंदीश जिन्यात उभा राहून डोळे पुसत होता. चाची समोरच्या घराच्या ओट्यावर येऊन बसल्या होत्या. बरं केलं इथं आलो, असं मनापासून वाटलं. इतका आनंद मला वर्षानुवर्षं झाला नव्हता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

गिटार वाजवणाऱ्याच्या बोटांच्या टोकांना घट्टे पडतात. पण त्याला आठवडेच्या आठवडे तारा दाबाव्या लागतात. मी अर्धा तास वाजवली, तीही एकदाच. आज ग्लोव्ह काढताना बघितलं, उजव्या हाताची चारही टोकं टणक आणि पिवळट झालीत. सुई टोचली, कळलं नाही.

माझा कामाचा हात उजवा. हिरडीवर बोट ठेवलं की आतला पू, दाताची हालचाल मला एक्स-रेच्या आधी कळते. हे हातच माझं पोट आहेत. नंदीश म्हणाला, ग्लोव्हची पावडर बाधली असंल, मलम लाव. मलम लावलंय.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सिताबाई नावाच्या आजी दाढ काढायला आल्या. इंजेक्शन दिलं, चिमटा उचलला आणि उजव्या हाताची मूठच वळेना. चिमटा पडणार, तेवढ्यात डाव्या हातानं तो झेलला, आणि त्यानंच दाढ काढली. अलगद. आजी खूश. डाक्टर, तुमी डावरे व्हय, लई हलका हात हाय तुमचा, असं म्हणाल्या. मी डावरा नाही. डाव्या हातानं मला धड चहाही ढवळता येत नाही.

हात धुताना मी एक चाल गुणगुणत होतो. बराच वेळ कुठली ते आठवेना. मग आठवली. शॉक लागला तेव्हा अबुजर तीच गात होता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

वैष्णवीचा फोन. फार लाडात होती. म्हणाली, काल दुपारी तू मला फोनवर गाऊन दाखवलंस, काय तुझं उर्दू, कधी शिकलास? काल दुपारी मी जेवून झोपलो होतो. फोन उघडून बघितला. माझ्या फोनवरून तिला कॉल, चौतीस मिनिटं.

मला गाता येत नाही. माझं गाणं ऐकून पाहुणे चपला शोधतात, हे तिलाही ठाऊक आहे. तिला काय सांगू? हो म्हणालो. गिटार माळ्यावर ठेवून माळ्याच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली नंदीशला दिली आणि सांगितलं, मी मागितली तरी देऊ नकोस. तो एकटाच माझा आधार आहे इथं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आता लिहूनच टाकतो. कुणालाच सांगितलेलं नाही, वैष्णवीलाही नाही.

मांडववाल्याचं वायरिंग खराब नव्हतं. बोर्डला दोनच भोकं होती आणि ॲम्पचा प्लग तीन पिनांचा. कार्यक्रमाला दहा मिनिटं उरली होती. मी पकडीनं अर्थिंगची जाड पिन उपटून काढली आणि प्लग दाबून बसवला. नंदीशनं बॅटरी धरली होती. त्यानं एकदा विचारलं, चालंल ना रं? मी म्हणालो, सगळे असंच करतात. तिसऱ्या गाण्याला अबुजरनं थट्टेनं माझ्या गळ्यातली गिटार काढून स्वतःच्या गळ्यात उलटी अडकवली. अर्थिंग नसल्यानं ॲम्पमधला करंट तारांत उतरला होता; गाता गाता त्याचे ओठ माइकला लागले. तो गिटारला चिकटूनच खाली पडला. ती गिटार माझ्या गळ्यात असायला हवी होती.

केस मांडववाल्यावर झाली. त्याला गाव सोडावं लागलं. दफन झाल्यावर नंदीशनं माझा हात धरून शपथ घेतली, की ही गोष्ट आपल्या दोघांतच मरेल. त्या शपथेच्या जोरावर मी जगलो, शिकलो, लग्न केलं. चाचींचा शीरखुर्मा खाल्ला.

आज सकाळी गिटार दवाखान्याच्या खुर्चीवर होती. माळ्याचं कुलूप लावलेलंच आहे. किल्ली नंदीशकडं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चाचींकडं गेलो. ठरवून गेलो होतो, की आज पायांवर डोकं ठेवायचं आणि सगळं कबूल करायचं. रडत रडत पिनेपर्यंत आलो. त्या ज्वारी निवडत होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, मालूम है बेटा. नंदीशनं चाळिसाव्या दिवशीच सांगितलं.

अठरा वर्षं! अठरा वर्षं ही बाई सगळं जाणून मला डबे धाडत होती, आणि तो डबा आणणारा माझ्याशेजारी बसून मला खाताना बघत होता.

मी विचारलं, मग मला पोलिसांत का दिलं नाही, शाप का दिला नाही? तेव्हा त्यांनी मायेनं माझा डावा हात हातात घेतला. बदला घेऊन मी काय करू, म्हणाल्या, मला माझा लेक पायजे. आता येतोय तो हळूहळू. बोटं तर आलीच.

पळत आलो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नंदीशला दुकानातच गाठलं. गिऱ्हाईक होतं, त्याची पर्वा केली नाही. त्यानं नाकारलंसुद्धा नाही. शांतपणे म्हणाला, बॅटरी म्या धरली हुती, मला झोप लागत न्हवती, तू तर सुटलास. गिटार दर डिसेंबरात माळ्यावर आपोआप वाजायची. सात वर्षं त्यानं स्वतः ती हातात धरून बघितली, नुसता गुणगुणाट यायचा. मग त्याला उमगलं, की अबुजरला ज्यांनी पिन उपटली तेच हात हवेत.

म्हणजे सहा महिन्यांचे फोन, मोकळा मजला, पाटी, भाकरी, सगळं या हातांसाठी. बळी देण्याआधी बकऱ्याला पाला घालावा तसं. चाचींना शब्द दिलाय म्हणाला. आणि मला दिलेली शपथ? त्यावर तो टाइलची धूळ पुसत बसला. केसानं गळा कापला माझा. पोलिसांनी धरलं असतं तरी इतकं लागलं नसतं. ज्याच्या भरवशावर अठरा वर्षं श्वास घेतला, त्यानंच मला उचलून दिलं.

उद्याच निघतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

निघालो नाही. काल स्टँडवर जायला म्हणून उतरलो आणि चार तासांनी दवाखान्यात गिटार घेऊन बसलेला होतो. पट्ट्यानं मान सोललीय. मधलं काही आठवत नाही —

बंद शटरबाहेर पेशंट उभे होते. नंदीशनं त्यांना सांगितलं, डॉक्टर रजेवर आहेत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

डाव्या हातानं लिहितोय. उजवा वहीवर ठरत नाही. अक्षर माझं नाही पण शब्द माझे आहेत, अजून. बॅग भरली. चेन लावायला हात तयार नाहीत. वैष्णवीला फोन लावला, सगळं सांगायला तोंड उघडलं — गाणं. नुसतं गाणं.

पाय माझे आहेत. चालून बघितलं. पाय अजून —

२९ नोव्हेंबर

चाचींनी वर येऊन घास भरवला. हाक मारली, अबू. तोंडानं ओ दिली. मी दात आवळून धरले होते. तरी दिली.

३० नोव्हेंबर, रविवार

वैष्णवी आली. नंदीशनंच स्टँडवरून आणली. तिला बघितल्यावर धावलो, आता सुटलो — तोंडातून निघालं, या वहिनी, बसा. तिला थट्टा वाटली. हसली. गा म्हणाली. तीन गाणी झाली. ती रडली, किती सुंदर म्हणाली. सोलापुरात तू असा कधी नव्हतास, म्हणाली. नंदीशनं सांगितलं, वैनी, काळजी करू नका, दर रविवारी यायची बी गरज न्हाय. मी मान हलवली. मी नाही — मान —

गेली ती. एसटी साडेचारची. आता चार. स्टँड दहा मिनिटं. बोलता येत नाही तर ही वही तिच्या हातात देईन. वाचेल. पाय माझे आहेत. चाचींना डुलकी लागलीय. उठलो. उभ्यानं लिहितोय —

नंदीश दारात. हातात गिटार. वही पुढं करणार, त्यानं वाचावं म्हणून लिहितोय — नंद्या, तिला गाठू दे फक्त. पाया पडतो. अठरा वर्षांत तुझ्याकडं काही मागितलं नाही —

वाचलं त्यानं. सगळं वाचलं. वही परत दिली. मायेनं बघितलं माझ्याकडं आणि म्हणाला, ये अबू, बस.

आणि मी बस—