कुंपणालगतची कबुतरं

५ जानेवारी, शनिवार
आणि वर मलाच शहाणपण शिकवतो! शेत माझं, कोबी माझा, कबुतरं माझ्या कोबीवर, आणि बार कधी काढायचा ते म्हणे लारवुडला विचारायचं. लारवुड म्हणजे पलीकडच्या इस्टेटीतला राखणदार. उन्हाळाभर फेझंट नावाचे रानपक्षी पोसतो आणि हिवाळ्यात साहेबलोकांच्या बंदुकांपुढे उडवतो. आज दारात टोपी हातात घेऊन उभा. म्हणाला, अ‍ॅव्हिस, कायदा तुझ्या बाजूने आहे, मी शेजारधर्माचं बोलतोय. आमच्या शिकारीच्या दिवशी आणि आदल्या दिवशी कुंपणाजवळ बार काढू नकोस, पक्षी बिथरतात. बाकी सगळे दिवस तुझे. निघण्याआधी एक फोन कर, बास.
मी म्हटलं, कबुतरं मला फोन करून येतात का?
हसला. त्या हसण्याचाच जास्त राग आला. तारखांचं कार्ड ठेवून गेला. वाचलं नाही. तारखांच्या कार्डात तारखा असणार, आणखी काय? शेगडी पेटवायला बरं पडलं.
दवाखान्यातल्या नर्सने सांगितलंय, ओरडावंसं वाटलं की लिहून काढ, रक्तदाब उतरेल. म्हणून ही वही. यंदा कोणाशी भांडायचं नाही असं ठरवलंय. आजचं धरायचं नाही, ते त्याने सुरू केलं.

९ जानेवारी, बुधवार
कडक दहिवर. कबुतरं दोनशे तरी. कुंपणाकडच्या चार ओळींत पानांच्या नुसत्या शिरा उरल्यात. शनिवारच्या बाजारात काय शिरा विकू?
नेल्सन आला होता. माझा भाऊ, तेरा वर्षांनी मोठा. आई गेल्यावर माझ्या वेण्या त्यानेच घातल्या, वाकड्या का होईना. एकतीस हिवाळे तो लारवुडकडे हाकाऱ्यांत जातो. म्हणजे गावातली माणसं काठ्या घेऊन झुडपं बडवत ओळीने चालणार, फेझंट उठणार आणि पुढे नंबर घातलेल्या खुंट्यांपाशी उभे असलेले साहेब ते पाडणार. हाकाऱ्यांना रस्सा, पाव आणि ओले मोजे. गुडघा पार गेलाय त्याचा, मार्चमध्ये ऑपरेशन. तरी जातोच.
म्हणाला, पोरी, लारवुड चांगला माणूस आहे. एक फोन केल्याने तुझं काय झिजतं?
मी म्हटलं, तू त्यांची झुडपं बडवतोस, तू त्यांचंच गाणार.
चहा अर्धा टाकून गेला. थंड झाला असेल.

१६ जानेवारी, बुधवार
फोन करायचं ठरवलं. माणसाने मोठं मन दाखवावं. फोन उचलला, ठेवला. आवाज खरखरत होता. लाइन बिघडलेली दिसते.

२२ जानेवारी, मंगळवार
नेल्सनचा फोन. (लाइन दुरुस्त झाली असावी.) शनिवारचं काहीतरी सांगत होता, तू बघायला ये, असं काहीतरी. गॅसवर जॅम होता. मी म्हटलं, तुझ्या साहेबांचा तमाशा बघायला मला वेळ नाही, आणि ठेवला.

२५ जानेवारी, शुक्रवार
ठरलं. उद्या जानेवारीचा शेवटचा शनिवार. म्हणजे बड्या पाहुण्यांचा शेवटचा दिवस, लंडनच्या गाड्या रांगेने येणार. उद्याच बसायचं. कुंपणापासून साठ पावलांवर, जाळीच्या आडोशाला. प्लॅस्टिकची डझनभर कबुतरं मांडून ठेवायची, म्हणजे खरी उतरतात.
हाकाऱ्यांचा दिवस एक फेब्रुवारीला. कायम एक फेब्रुवारीलाच. हिवाळाभर काठ्या चालवणाऱ्यांच्या हातात त्या एका दिवशी बंदूक येते. त्या दिवशी मी घरातून हलणार नाही. गावच्या माणसांशी मला वैर नाही, मी काय राक्षस आहे?

२६ जानेवारी, शनिवार, दुपारी ३
झकास! नऊ कबुतरं.
साडेदहाला पलीकडे भोंगा वाजला, हाका सुरू. रानातून फेझंट उठले आणि सरळ कुंपणाकडे, बंदुकवाल्यांवर येऊ लागले. त्याच वेळी माझ्याकडे कबुतरांचा थवा उतरला. मग मी काय करू? काढले बार. फेझंट हवेतल्या हवेत वळले आणि हाकाऱ्यांच्या डोक्यावरून मागे पसार. आख्खा हाका फुकट!
कुंपणाजवळच्या शेवटच्या खुंटीवर एक जाडजूड साहेब बादली उलटी घालून बसला होता. दोन तास उभंही राहवत नाही यांना. चष्मा नेला नव्हता, कबुतराला लागत नाही. त्याने हात वर करून मला थांब म्हणून खूण केली. माझ्या शेतात मला थांबवतो! मी टोपी काढून वाकून सलाम केला आणि आणखी दोन बार काढले.
पोट दुखेपर्यंत हसले.

२७ जानेवारी, रविवार
पाव आणायला दुकानात गेले. दुकानवाल्या जूनने पाव माझ्या हातात दिला नाही, काउंटरवर ठेवला. मी म्हटलं, काय गं, अंगात आलंय का? ती म्हणाली, अ‍ॅव्हिस, नेल्सनने तुझं काय वाईट केलं होतं?
तिचा नवरा हाकाऱ्यांत आहे. तिने सगळं सांगितलं.
यंदा एक तारीख शुक्रवारी येते, कामं बुडतात, म्हणून हाकाऱ्यांचा दिवस आदल्या शनिवारी, म्हणजे कालच घेतला होता. कार्डावर होतं. काल अर्ध्या हाकाऱ्यांनी चालायचं होतं, अर्ध्यांनी उभं राहायचं होतं. खुंट्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या होत्या, पण त्याआधी सगळे म्हणाले, आठ नंबर नेल्सनचा. तिथून पक्षी सगळ्यात उंच आणि सगळ्यात जास्त जातात. एकतीस वर्षं त्याने दुसऱ्यांना पक्षी उडवून दिले, ऑपरेशननंतर चालायला जमेल की नाही देव जाणे. सोळा जणांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. लारवुडने स्वतः बादली आणून दिली, गुडघ्यासाठी.
आठ नंबर म्हणजे कुंपणाजवळचा शेवटचा.
नेल्सनने दिवसभरात एकही बार काढला नाही. पुढच्या हाक्याला त्याला दुसरी खुंटी देत होते. म्हणाला, राहू दे रे, तुम्ही मारा.
पाव तिथेच विसरले.

२८ जानेवारी, सोमवार
तारीख बदलली तर माणसाला नीट सांगायला नको? कार्ड मोठ्या अक्षरात लिहायला काय झालं होतं? आणि नेल्सनने फोनवर आधी मुद्द्याचं बोलावं ना.
दोनदा वाचलं वरचं. त्याने मुद्द्याचंच सांगितलं होतं. ये बघायला, म्हणाला होता.

३० जानेवारी, बुधवार
माफी मागायला नेल्सनकडे गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मांस भरलेली पाई भाजून नेली. त्याच्या फाटकात पोचल्यावर डोक्यात प्रकाश पडला की पाई त्याच नऊ कबुतरांची आहे. परत फिरणार, तेवढ्यात त्याने दार उघडलं.
वाटलं होतं ओरडेल. मी तयारी करून गेले होते. तो म्हणाला, ये, बस, वारा बोचरा आहे आज. चहा दिला. गुडघ्याचं बोलला, कांद्याच्या पातीचं बोलला. पाई खाल्ली, दोन तुकडे. मध्येच थांबून तोंडातून छर्रा काढला आणि बशीच्या कडेला ठेवला. मग आणखी एक.
मी खुर्चीत बसून ते दोन छर्रे बघत होते. निघताना म्हटलं, मीठ कमी पडलं का? तो म्हणाला, नाही, बेताचं आहे.
हे बोलायला गेले होते मी. मीठ!

२ फेब्रुवारी, शनिवार
लारवुड आला. मी दारातच कंबरेवर हात ठेवून उभी. म्हटलं, बोल काय बोलायचं ते. तो म्हणाला, बोलायचं काही नाही. आमचा हंगाम संपला. पुढच्या शनिवारपासून दरवर्षीसारखं, दुपारी चारला रानात ये. कबुतरं मुक्कामाला परततात तेव्हा सगळे शेजारी मिळून मारू, तुझा कोबी वाचेल.
मला बोलावतो! शिव्या घातल्या असत्या तर उलट दोन घातल्या असत्या, हिशेब मिटला असता. मी म्हटलं, बरं. आणि नेल्सन? तो नेहमी तुझ्याबरोबर उभा असतो.
म्हणाला, नाही येत तो. बंदूक विकायला काढलीय.
मी म्हटलं, गुडघ्यामुळे ना?
लारवुड टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला. मग म्हणाला, त्याला विचार.
तो गेल्यावर भांडी घासली. घासलेलीच होती.

३ फेब्रुवारी, रविवार
कुठेच लिहिलं नाही ते इथे लिहिते. ते शेवटचे दोन बार काढले तेव्हा वर आभाळात एकही कबुतर नव्हतं.
नर्स म्हणते तसं काही उतरलं नाही.

४ फेब्रुवारी, सोमवार
नेल्सनला चिठ्ठी लिहितेय. चार फाडल्या. पहिलीत सतरा ओळी माझी बाजू होती. चारही चिठ्ठ्यांत ‘माफ कर’ होतं आणि त्याच्यापुढे ‘पण’ होतं. ही पाचवी. इथे उतरवून ठेवते, म्हणजे उद्या मीच म्हणायला नको की मी असं लिहिलंच नव्हतं.

नेल्सन,
तू हात वर केलास म्हणून मी ते दोन बार काढले. कबुतर नव्हतं. तू आहेस हे ठाऊक नव्हतं, कोणीतरी माणूस आहे हे ठाऊक होतं. माफ कर.
शनिवारी चारला लारवुडच्या रानात ये. मी बंदूक आणणार नाही. तुझं सामान उचलीन, तू पाडशील ती कबुतरं वेचीन आणि तोंड बंद ठेवीन. बंदूक त्यानंतर विकायची तर विक. मी यायला नको असेन तर तसं लिही, मी घरी बसेन, पण तू जा.
गुरुवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं. हो किंवा नाही. हवेचं आणि कांद्याच्या पातीचं काही लिहू नकोस.
अ‍ॅव्हिस