‘सुळा’चा पाचवा भाग आणि गरम पाणी

३ मार्च, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. बोलायचं कमी, लिहायचं जास्त. तुझ्या तोंडामुळे तुझं वाटोळं होतं, असं ताई फोनवर म्हणाली. तिला तिकडे बसून काय कळतंय. तरी ठरवलं. ठरवलं म्हणजे ठरवलं.

लाँड्रीत दोन बाजू. मळकी आणि साफ. मधे भिंत, भिंतीत मशिनी बसवलेल्या. हॉस्पिटलचा माल आम्ही इकडच्या दारातून आत कोंबायचा, धुऊन झाला की तो तिकडच्या दारातून निघतो. चादरीला पलीकडे जाता येतं, मला नाही. कँटीनमध्ये मी बसलो की शेजारचा ताट घेऊन उठतो. अंगाला वास येतो म्हणे. यांच्या अंगाला काय अत्तर येतं?

मी साफ बाजूलाच आहे असं ताईला वाटतं, घरी सगळ्यांनाही तिने तेच सांगून ठेवलंय. महिनाअखेर तिकडे एक जागा होणार. ती माझीच. दुसरं आहे कोण? पोपट? पोपट म्हणजे माझा खोलीतला जोडीदार. कधीच बोलत नाही म्हणून पोपट.

६ मार्च

‘सुळा’चा पाचवा भाग लागतोय! पहिल्या भागात व्हॅम्पायर चालत्या ट्रेनवर तलवार चालवतो, दुसऱ्यात दोन तलवारी. तिसरा तर विचारूच नका. चौथ्यात जरा गडबड होती, पण ती मुद्दाम. पाचव्यासाठी जागा करून ठेवली होती. ज्याला डोकं आहे त्याला कळतं.

प्लॅन तयार. साफ बाजूला कोण जाणार हे मुकादम ठरवतो. मुकादमाला पिक्चरला न्यायचं. माणूस खूश झाला की पुढचं आपोआप होतं.

कँटीनमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं, पिक्चर भिकार निघाला तर जन्मभर मळक्या बाजूला राहीन. बोलायला काय जातं.

१० मार्च

मुकादम येतो म्हणाला. आधी कुरकुर केली. दिवसभर रक्ताच्याच चादरी बघतोय, सुट्टीच्या दिवशीही तेच का, म्हणे. मी सांगितलं, हे रक्त वेगळं, भारीतलं.

इस्त्रीवरची आक्काही येणार. मी तिला बोलावलं नव्हतं. तुझा तो दातवाला जावई बघून तरी येते, म्हणाली. या बाईला माझं चांगलं बघवत नाही. पोपट मान हलवून हो म्हणाला.

१६ मार्च, रविवार, संध्याकाळ

थू.

थू. थू.

ज्याने हा पिक्चर काढला त्याला आमच्या मशिनीत घालून पिळायला पाहिजे.

व्हॅम्पायरला आता उन्हात फिरायचं क्रीम मिळालंय. क्रीम! मग राहिलं काय? चार भाग हा माणूस उजाडायच्या आत घरी पोचायला जिवावर उदार होऊन पळाला, आणि पाचव्यात क्रीम चोपडून बाकावर बसतो. तलवार नाही. तलवार म्हणे माफ केली. तलवार कशी माफ करतात? ऐन मारामारीत थांबून लहानपण सांगत बसतो. ज्याला मारायचं तो पण रडतो. मारा की एकदाचं!

हे सगळं गिळलं असतं. पण तो सीन. हिरोचा पांढरा कोट रक्ताने भिजलाय. हिरॉईन कोट घेते आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यात बुडवते. उकळत्या! वाफ, व्हायोलिन, आणि कोट निघतो दुधासारखा पांढरा.

लाँड्रीत पहिल्या दिवशी जे शिकवतात ते एकच. रक्त म्हणजे आधी थंड पाणी. गरम पाण्यात रक्ताचा डाग जन्माचा बसतो. आमची अख्खी रांग खदखदून हसली. रडायचा सीन होता तो. आक्का तर मोठ्याने म्हणाली, अगं बाई, हिला आपल्याकडे लावा, दोन दिवसांत लाँड्रीला टाळं. मी उभा राहून ओरडलो, थंड पाणी घाल, थंड! थिएटरचा बॅटरीवाला येऊन मला दम देऊन गेला. मला. पिक्चरवाल्याला नाही.

पोपट सुरुवातीपासून झोपला होता. मुकादम बाहेर पडताना काही बोलला नाही. मनातून आवडला असणार.

१७ मार्च

ठरवलं. पिक्चरचा प सुद्धा काढायचा नाही.

दुपारी

चहाला काढला. माझा इलाज नव्हता. सगळे मला हिरो, हिरो म्हणून चिडवत होते. आक्का म्हणाली, काय रे, जन्मभर मळकी बाजू ना? मर्दाची जबान असते म्हणे. मी म्हणालो, पिक्चर वाईट नाही, तो सीन वाईट आहे.

तेवढ्यात ट्रकवाला मधे पडला. हा हॉस्पिटलचा माल आणून टाकतो, बाकी अक्कल बेताची. म्हणतो, पिक्चरवाले तज्ज्ञ माणसांना विचारून करतात, पाणी चांगलं उकळतं असलं तर निघत असेल डाग. ज्याच्या स्वतःच्या कॉलरवर मागच्या वर्षीचा घाम आहे तो मला डाग शिकवणार! मी म्हणालो, नाही निघत. तो म्हणाला, मग दाखव.

१९ मार्च

झोप नीट नाही. ट्रकवाला आज परत हसला.

२० मार्च, सकाळ

दाखवणार. फक्त एक चादर. कोणाला कळणार पण नाही.

२० मार्च, दुपार

जिंकलो!

एका चादरीवर मशीन चालूच होईना, वजन कमी म्हणून टुकटुक करायला लागली. मग मी ती भरली. ऑपरेशनच्या चादरी, डॉक्टरांचे झगे, जे समोर होतं ते. थंड पाण्याचं बटण सोडून दिलं. थेट गरम, काटा शेवटपर्यंत.

भिंतीत काचेची छोटी खिडकी आहे. तिकडचं दार उघडलं तर सगळा माल तपकिरी. एकसुद्धा डाग हलला नव्हता. मी इकडून ओरडलो, बसला! डाग बसला! माल टाकायला आलेल्या ट्रकवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं. खिडकीपलीकडे मुकादम एक झगा हातात धरून उभा होता. मी त्याला अंगठा दाखवला. त्याने नाही दाखवला. हात भरलेले होते.

२१ मार्च

मुकादमाने बोलावलं. का केलंस, विचारलं. मी पहिल्या भागापासून सगळं समजावलं, मधे गाळलं काही नाही. उभ्या उभ्या ऐकलं बिचाऱ्याने. मग म्हणाला, डाग बसणार हे तुला माहीत होतं? मी म्हणालो, शंभर टक्के. तेच तर दाखवायचं होतं. गडबडून चूक झाली असती तर गोष्ट वेगळी.

उत्तर चांगलं पडलं. कामाची माहिती आहे हे त्याच्या लक्षात आलं असणार. आक्का मात्र कपाळाला हात लावून गेली. जळते.

२८ मार्च

साफ बाजूला पोपट गेला.

पोपट!

मुकादमाला विचारलं, याच्यात काय बघितलंत? तो तर पिक्चरमध्ये पण झोपला होता. मुकादम म्हणाला, झोपला, पण पिक्चरला सोबत घेऊन कामावर नाही आला.

संध्याकाळी खोलीवर पोपट पहिल्यांदा आपणहून बोलला. साफ बाजूला चपला बाहेर काढायच्या का, विचारलं. मी काय सांगणार. मी कधी गेलोय?

३० मार्च

ठरवलं. ‘सुळा’ संपला माझ्यासाठी. सहावा भाग आला तरी थिएटरच्या रस्त्याने जाणार नाही.

बसलेल्या डागांच्या चादरी फेकायच्या नाहीत असं मुकादमाने सांगितलंय. फाडून फरशी पुसायची फडकी करायची. काम माझ्याकडे. ढीग छातीपर्यंत आहे.

पोपट खिडकीतून अंगठा दाखवतो. मी बघत नाही.

३१ मार्च, दुपार

ताईचा फोन. पोरांना घेऊन ‘सुळा’ बघितला म्हणे, इतका आवडला की दोनदा रडली. मी गप्प बसलो. आता खरंच कमी बोलतो.

मग म्हणाली, परवा धाकट्याचा घोळणा फुटला, शाळेचा शर्ट रक्ताने भरला. त्या पिक्चरमधल्या बाईसारखा उकळत्या पाण्यात घातला. डाग हलेना. काय करू?

मी सांगितलं, आता काही होणार नाही, फाडून फडकं कर.

ताई म्हणाली, असं रे काय, साफ बाजूला आहेस ना तू?