चूक समोरच्याची

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी

आजपासून रस्ता सुरक्षा मोहीम सुरू. एकट्याची. रिटायर होऊन वर्ष होत आलं, नुसता पेपर वाचत किती बसणार? त्यात हल्ली पेपरवाले शाई फार पातळ वापरतात.

सगळी हयात गाड्यांच्या विम्याचा सर्वेयर म्हणून गेली. चेपलेलं दार बघून चूक कुणाची ते सांगायचो. असला अनुभव घरात कुजवणं म्हणजे समाजद्रोह.

रस्ते विभागाला पत्र लिहिलं. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे पुसट. सिग्नल मिणमिणते. पाट्यांवरची अक्षरं तिळाएवढी. आणि समोरून येणाऱ्यांचे हेडलाइट! एकेका दिव्याभोवती चंद्राला पडतं तसं खळं. असले दिवे विकायला परवानगी देतं कोण?

पत्र कडक झालंय. ही वाचून म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. आपल्याकडे अंगण नाही, पार्किंग आहे. हिचं लक्ष कुठे असतं कोण जाणे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मुंगीला पोहायच्या क्लासला सोडलं. मुंगी म्हणजे नात, तिसरीत आहे. पायाला सदा भिंगरी, म्हणून हे नाव. मंगळवार-गुरुवार तिला नेणं-आणणं माझ्याकडे. खरं सांगायचं तर आठवडाभर मी या दोन संध्याकाळींचीच वाट बघतो. मागच्या सीटवर बेल्ट लावून तिची टकळी जी सुरू होते, ती तलाव येईपर्यंत.

तिच्यासाठी एक शैक्षणिक खेळ काढलाय. वाटेतली प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची, सिग्नलचा रंग सांगायचा. पाटीला एक मार्क, सिग्नलला दोन. पोरांचं निरीक्षण वाढतं. आज तिने 'डावीकडे वळू नये' वाचलं तेव्हा आम्ही वळलो होतो. उशिरा वाचल्याबद्दल अर्धा मार्क कापला. ती भांडली. मी ठाम राहिलो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडीच्या डाव्या दारावर लांबलचक ओरखडा. व्यावसायिक नजरेने पाहणी केली. निदान: उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलंय. ओरखड्यात आपल्या फाटकाचा हिरवा रंग सापडला. म्हणजे त्या गाढवाने आधी फाटक घासलं, मग माझी गाडी. काय एकेक लोक लायसन्स घेऊन फिरतात!

वॉचमनला विचारलं, कोण होतं? तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, जाऊ द्या साहेब. कुणीतरी बडं धेंड असणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हिने गाडीत बसणं सोडलंय. बाजारात बसने जाते, खिडकीतून गंमत दिसते म्हणे. शेजारचे वकील लायब्ररीला माझ्याबरोबर यायचे, त्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. त्यांच्या बायकोलाही. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनाही. एकूण बिल्डिंगमध्ये तब्येतीबद्दल चांगली जागृती आहे. मला मात्र कुणीही चालायला सांगितलेलं नाही. प्रकृती ठणठणीत!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी

मोहिमेला यश. रस्ते विभागाच्या इंजिनिअरबाई स्वतः आल्या. मला चौकात नेऊन म्हणाल्या, हे पट्टे आज सकाळीच मारलेत. मी वाकून बोट लावलं. बोटाला पांढरा रंग लागला. म्हणजे रंगच कच्चा! तसं तोंडावर सांगितलं, आपण भीडभाड ठेवत नाही.

मग त्यांनी समोरची पाटी वाचायला सांगितली. मी म्हणालो, बाई, आत्ता आपण चालतोय. पाट्या वाचणं हे ड्रायव्हरचं काम. त्यांनी विचारलं, तुम्ही गाडी चालवता? म्हटलं, रोज! त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. निघताना म्हणाल्या, काका, जपून. इतकी आस्था असलेली माणसं सरकारी खात्यात राहिली नाहीत आता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जेवणं झाल्यावर चिरंजीव आणि सूनबाई समोर येऊन बसले. रंग बरा दिसेना. बाबा, डोळे तपासून या. म्हटलं, का? मी काय आंधळा आहे? कालच शर्टाचं बटण लावायला सुईत दोरा ओवला. ही आतून ओरडली, दोरा मी ओवला, तुम्ही सुई धरली होतीत! नीट धरली होती म्हणूनच ओवला गेला ना?

चिरंजीवाने आवाज चढवला नाही. म्हणाला, डोळे तपासल्याशिवाय मुंगी तुमच्या गाडीत बसणार नाही.

तोंडचं पाणीच पळालं. मुंगी नाही, तर मंगळवार-गुरुवार मी करू काय? शनिवारी नक्की जातो म्हणालो. तोवर सूनबाई ऑफिसातून लवकर निघून तिला नेणार. गाडी हळू चालवते सूनबाई. मागच्यांचा किती खोळंबा होत असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दिलेला शब्द पाळायची आपली पद्धत आहे. बसल्या जागेवरून आतला तक्ता दिसत होता. वरचं एक मोठं अक्षर तेवढं छापलंय, खालच्या ओळी छापायच्याच राहिल्यात. जिथे तक्त्याची ही कथा, तिथे डॉक्टर काय दिवे लावणार? नंबर यायच्या आत उठलो.

घरी चिरंजीवाने विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? म्हटलं, काही म्हणाले नाहीत. यात एक अक्षर खोटं नाही. मुंगी पुन्हा माझ्याकडे! तिला सांगितलं, तर सोफ्यावर चढून उड्या मारल्या तिने.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी

आजचं लिहायला दोनदा बसलो, दोनदा उठलो.

मुंगीला आणायला निघालो होतो. चांगला उजेड होता. तलावाच्या अलीकडच्या झेब्रावर एकदम एक पोर उपटलं. करकचून ब्रेक मारला. गाडी पोराला जवळजवळ टेकूनच थांबली. अशा वेळी गप्प बसलो तर मोहीम कसली? काच खाली करून चांगलं फैलावर घेतलं. रस्ता काय बापाचा आहे? घरी काही शिकवतात की नाही? वडिलांचं नाव सांग आधी!

पोर जागचं हललं नाही. केसांतून पाणी गळत होतं. मग म्हणालं, आजोबा, मी आहे.

क्लास लवकर सुटला, म्हणून ती मला गाठायला चौकापर्यंत चालत आली होती. लांबून गाडी ओळखून तिने हातही केला होता म्हणे.

गाडीत बसल्यावर तिने एकच विचारलं. मी तुम्हाला दिसले नाही का? म्हटलं, दिसलीस की गं, गंमत केली. हसली नाही. पुढे एक पाटी वाचली नाही तिने. मी कसा घरी आलो ते माझं मला माहीत.

जेवताना सारखा तिच्याकडे बघत होतो. आता सांगेल, मग सांगेल. कुणाला काही बोलली नाही. त्याने तर जास्तच कसंतरी होतंय.

ब्रेक उत्तम लागतात, ही एक जमेची बाजू.

२६ फेब्रुवारी, बुधवार

रस्ते विभागाला नवं पत्र लिहायला बसलो. 'तलावाजवळच्या क्रॉसिंगवर' इथपर्यंत लिहिलं. पुढे सुचलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

क्लासची वेळ झाली. मुंगी खोलीतून बाहेर आली ती पिवळाधमक रेनकोट घालून. डोक्यावर टोपी, गळ्यापर्यंत बटणं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. सूनबाई म्हणाली, अगं शिजून निघशील, काढ तो. ती काढेना. सूनबाईने दटावलं, तरी नाही. शेवटी मी विचारलं, हे काय गं?

ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, आजोबा, पिवळा लांबून दिसतो ना?

किल्ली सूनबाईच्या हातात दिली. म्हटलं, गाडी आता तूच चालव. आणि शनिवारी डॉक्टरांनी मला तपासलं नाही, मीच पळून आलो. सोमवारची वेळ घे, आणि तू बरोबर चल. सूनबाईने किल्ली पर्समध्ये टाकली. ही उगाचच पाणी आणायला आत गेली.

सूनबाई गाडी काढायला निघाली, तिला म्हटलं, मंगळवार-गुरुवार मात्र माझेच. मुंगी आणि मी बसने गेलो. बसमध्ये मुंगीने रेनकोट तसाच ठेवला. लोक बघायला लागले. म्हटलं, आता तरी काढ. तिने विचारलं, तुम्ही आता नाही ना चालवणार?

म्हटलं, नाही चालवणार.

तेव्हा कुठे तिने बटणं सोडली. आतला फ्रॉक घामाने चिंब झाला होता. मी रेनकोटाची घडी घालून मांडीवर घेतली.