जायफळाचे वेढे

आई, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. आज मला तुझा मार हवाय.

माझी लेक बाळंतपणाला आली ती अजून इथेच आहे. नात आठ महिन्यांची. पोर गोड आहे गे, पण झोप म्हणून नाही. तुझ्या जुन्या लुगड्याची तूळी छताच्या कडीला टांगलीय. तीत घालून झुलवावं, तर दहा मिनिटांत डोळे टक्क उघडे आणि भोकाड सुरू. लेक चेन्नैच्या कंपनीचं काम घरून करते. एक हात लॅपटॉपवर, दुसरा तूळीला. गालफडं बसलीत तिची.

शेवटी मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, बाळाची झोप आणि बाळाचं मन एकमेकांना धरून असतं. झोप सारखी मोडली तर मूल किरकिरं होतं, आई खचते, आणि आईच खचली की बाळाला शांत करणार कोण? मग लेकीला विचारलं, "तू कधी झोपतेस?" एवढ्यानेच ती ढसाढसा रडली. आणि मी काय करावं? "आम्ही नाही का वाढवली पोरं? रडायचं काय त्यात!" असं भर दवाखान्यात बोलले. जिभेला हाड नाही माझ्या, तू म्हणायचीसच. परत येताना लेक रिक्षाच्या पार दुसऱ्या कडेला सरकून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हायला गेली तेव्हा मी सहाण काढली. आपल्या पापनाशमच्या घरात धाकट्या भावासाठी जायफळ उगाळताना मी हौसेने वेढे वाढवले होते, आठवतं? तू फटकन हातावर मारलंस. "एकच वेढा! पोराला निजवायचंय की घालवायचंय?" मी सात वर्षांची होते, दिवसभर तुझ्याशी बोलले नाही. या वेळी मी पहिला वेढा दिला. पोर मान उंचावून माझ्याकडे बघत हसत होती. मग आणखी दिले. किती, ते मोजलं नाही, उगाळलं तेवढं सगळं तिला चाटवलं. मला त्या डॉक्टरीणबाईंना दाखवून द्यायचं होतं, दुसरं काय!

निजली गे. लेक ओल्या केसांनी येऊन बघते तर तूळी गप्प. "अम्मा, कशी निजवलीस?" म्हणून तिने मला मिठी मारली आणि तिथेच जमिनीवर आडवी झाली. तोंड उघडं टाकून झोपली बिचारी. मी दोघींकडे बघत फुशारून बसले होते. दुपारी दूध पाजायला पोरीला उचललं, तर मान लटकन मागे पडली. तळवे चोळले, पाणी शिंपडलं, हाका मारल्या. डोळे उघडेनात.

दवाखान्यात पहिला प्रश्न तोच. घरचं काही उगाळून वगैरे दिलंत का? मी तोंड उघडणार, तोच लेक म्हणाली, "नाही डॉक्टर. माझी अम्मा मला विचारल्याशिवाय काही देत नाही."

मी गप्प राहिले. आई, मी गप्प राहिले!

दुसऱ्या दिवशी पोर शुद्धीवर आली, दूध प्यायली. पण कारण कोणाला सापडत नाही. आता मेंदूच्या तपासण्या सांगितल्यात, सोमवारी तिरुच्चीला न्यायचंय. एवढ्याशा जिवाला सुया टोचणार. आणि लेकीचं काय सांगू? पोरीचा डोळा लागला रे लागला की ही तिला गदागदा हलवून उठवते. "श्वास बघ अम्मा, श्वास चालू आहे ना?" आता तर पोर तूळी बघितली तरी अंग ताठ करून रडते. आम्ही तिला झोपेची भीती घातली. आम्ही कसली, मीच.

काल इडल्या वाफवताना सांगायचं ठरवलं. "ऐक गे," एवढं म्हटलं. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "तू नसतीस तर मला वेड लागलं असतं, अम्मा." मी इडल्या काढून दिल्या. सांगितलं तर तिचा शेवटचा आधार जातो, नाही सांगितलं तर सोमवार येतो. मला काही म्हणजे काही सुचत नाही.

आत्ता ती दारात येऊन विचारून गेली, "काय लिहितेस?" मी म्हटलं, स्तोत्र. तिने कागदावर नजर टाकली, हसली आणि गेली. या घरात देवनागरी वाचता येणारी मी शेवटची, आई. म्हणून तर देवनागरीत लिहितेय.