वाडग्यातून तीनदा निघालेले नाव

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा इसम, वय एक्क्याऐंशी, धंदा पुस्तकबांधणी (हात थरथरू लागल्यापासून काम मुलीचे, पाटीवर नाव माझे), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि स्वतःच्या इच्छेने लिहून ठेवत आहे.

वरच्या वाक्यातले शेवटचे शब्द माझे नाहीत, वकिलांचे आहेत. मी उभ्या हयातीत रविवारच्या शाळेत शिकवत आलो की माणसाची इच्छा म्हणजे बांधलेल्या पुस्तकातले पान. आपल्या मनाने ते जागा बदलत नाही. जगाचा पाया घालण्यापूर्वीच देवाने आपली माणसे निवडली. तारण ही त्याची देणगी, आपली कमाई नव्हे. तेव्हा ‘स्वतःच्या इच्छेने’ लिहिताना माझी लेखणी अडली. मी वकिलांना विचारले, “त्याऐवजी ‘परमेश्वराने लिहवून घेतले’ असं चालेल का?”

“चालेल की,” वकील म्हणाले. “पण मग सही त्यांची लागेल. दोन साक्षीदारांसमोर.”

बाजूच्या खुर्चीत माझे मेहुणे, म्हणजे माझ्या कैलासवासी नव्हे तर प्रभूत निजलेल्या पत्नीचे धाकटे भाऊ, बसले होते. त्यांचे मत असे की देव हात सर्वांपुढे करतो, धरायचा की नाही ते ज्याचे त्याने ठरवायचे. याच मतापायी ते आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, सोडून रस्त्यापलीकडच्या मंडळीत गेले, आणि तरी रोज संध्याकाळी माझ्याकडे वाद घालायला येत राहिले. ते खोकला येईपर्यंत हसले. “लिहा, दाजी. सावकाश लिहा. मला कुठं जायचं नाही.”

लिहिले.

पहिले. माझे शरीर पत्नीशेजारी पुरावे. गीताची सगळी कडवी म्हणावीत. मधली गाळण्याची पद्धत आमच्या पेटीवाल्याने पाडली आहे आणि मधल्या कडव्यांतच बहुधा पाप असते, शेवटच्या कडव्यात नुसता स्वर्ग. पाळकांनी माझ्याविषयी ‘यांनी प्रभूला निवडले’ असे म्हणू नये. मेहुण्यांना कबरेपाशी बोलायची इच्छा आहे. बोलू द्यावे. मला उत्तर देता येणार नाही याचा ते गैरफायदा घेतील, पण तोही आधीच ठरलेला होता असे मी समजेन.

दुसरे. दुकानाच्या दाराशी असलेला लाकडी बाक मला मेहुण्यांना द्यायचा होता, कारण त्याची उजवी बाजू त्यांच्याच बसण्याने झिजली आहे. परंतु मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याची साक्ष ठेवू नये, असे वकिलांनी सांगितले. मी मेहुण्यांना म्हणालो, “बाक हवा की साक्ष? तुमचं स्वातंत्र्य आहे.” ते उठून बाकावर आपल्या बाजूला जाऊन बसले. मग म्हणाले, “साक्ष. तुम्ही ‘स्वतःच्या इच्छेने’ लिहिल्याची सही मी दुसऱ्या कुणाला करू देणार नाही.” म्हणून त्यांना काहीही देत नाही. बाक जिथे आहे तिथेच राहावा, बसणाऱ्याला कोणी उठवू नये.

आमचे वाद चालत तेव्हा पत्नी आत कणीक मळत असे. एकदा मेहुण्यांनी तिला विचारले, “ताई, तू सांग, आमच्यात खरं कोण?” ती म्हणाली, “वर गेल्यावर विचारते. पण कळवता येणार नाही.” ती गेली त्याला बरीच वर्षे झाली. तिला आता ठाऊक आहे, आणि माझी खात्री आहे की ती तिथेही कोणाला सांगत नसेल.

तिसरे. पुस्तके दाबायचा शिकंजा, कातरयंत्र, दाभणे, सुया, घड्या दाबायची हाडाची पट्टी, खळीचे पातेले आणि तळमजल्यावरच्या दुकानातले बाकी सर्व सामान थोरल्या मुलीला द्यावे. खरे तर ‘द्यावे’ म्हणण्यात अर्थ नाही. तिच्या हाताची सवय झालेली पट्टी मी उचलली तर ती माझ्या हातात परकी वाटते. थोरलीने लग्न केले नाही. का, ते मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. माझ्या डोळ्यांत थेंब घालणे, माझ्या गोळ्या, माझी चिडचिड, आणि गिऱ्हाइकांना दिलेली माझी खोटी वायदे-वचने, हे सर्व तिनेच निभावले.

चौथे. धाकट्या मुलाला कवितांचे पुस्तक.

हे पुस्तक बाजारात नाही. शाळा सुरू होण्याच्या सुमारास आमच्याकडे जुनी क्रमिक पुस्तके शिवायला येत. जी अगदीच शिवण्याच्या पलीकडची, ती रद्दीत जात. रद्दीत जाण्याआधी मी त्यांतली कवितेची पाने काढून ठेवत असे. माझ्या लहानपणी आम्ही त्या चाल लावून, पाय हलवत, सगळा वर्ग एका आवाजात म्हणत असू, आणि खिडकीतून उन्हाची पट्टी फळ्यापर्यंत आली की मास्तरही पुस्तक मिटून आमच्यात मिसळत. पुढे मी धाकट्याला उपड्या पातेल्यावर बसवून त्याच कविता शिकवल्या. तो अजून ‘र’ म्हणत नव्हता, पण चाल चुकत नव्हता. ती सगळी पाने मी तांबड्या कापडात बांधली आहेत. शाळेच्या कवितेत पाखरे संध्याकाळी घरी येतात. रागावून कोणी निघून जात नाही. या एका बाबतीत पाठ्यपुस्तक मंडळाने माझी फसवणूक केली, अशी माझी तक्रार आहे.

कारण धाकटा गेला. आमच्या मंडळीत कारभार पाहणारा पंच निवडायचा तर मतदान होत नाही. लायक पुरुषांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून लाकडी वाडग्यात टाकतात, प्रार्थना होते, आणि मंडळीतली सर्वांत वयस्कर बाई डोळे मिटून एक चिठ्ठी काढते. नाव निघाले की ती देवाची निवड. मीही तसाच पंच झालो. त्या दिवसापासून मला चालताना जरा उंच वाटू लागले. धाकट्याचे नाव निघाले तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, “मला नको.”

आमच्या मंडळीत हे वाक्य तोवर कोणी बोलले नव्हते, त्यामुळे त्यावर काय करायचे ते कोणालाच माहीत नव्हते. वयस्कर बाईने चिठ्ठी परत वाडग्यात टाकली आणि लगेच बाहेर काढली, जणू तिचे चुकले. मी घरी येऊन त्याला म्हणालो, “देवाला नाही म्हणतोस?” तो म्हणाला, “देवाला नाही, बाबा. वाडग्याला.” महिन्याभरात त्याने दुसऱ्या शहरात नोकरी धरली.

पाचवे. घर. तळमजल्यावर दुकान, वर दोन खोल्या, मधे अरुंद जिना.

मला घर धाकट्याला द्यायचे होते. माझा हिशेब साधा होता: घर त्याचे झाले की तो येईल, आला की रविवारी उपासनेला बसेल, बसला की त्याचे तारण होईल. देवाची कृपा माणसाला खेचून आणते असे मी शिकवत आलो. तिला एखादी भिंत-छपराची मदत झाली तर काय बिघडले, असे मला वाटे. पण थोरलीच्या तोंडासमोर हे लिहिण्याचे धैर्य नव्हते. म्हणून निर्णय देवावर सोडायचे ठरवले. मंडळीचा वाडगा माझ्याकडेच ठेवायला असतो. दोन चिठ्ठ्या केल्या, एकीवर थोरली, एकीवर धाकटा. प्रार्थना केली, डोळे मिटले, एक उचलली.

थोरली.

नीट पाहिले तर तिच्या चिठ्ठीची घडी फुगली होती. हाताला आधी लागणारच. बांधणीवाल्याला असे दोष चटकन दिसतात. नव्या चिठ्ठ्या एकाच कागदातून एकाच अंगाने कापल्या, पट्टीने घड्या दाबल्या, पुन्हा काढली. थोरली. तेव्हा ध्यानात आले की मी बसून प्रार्थना केली होती; मंडळीत ती उभ्याने करतात. उभा राहिलो. थोरली. चौथ्यांदा वाडगा हलवत होतो तेव्हा ती चहा घेऊन दारात उभी होती. कधीपासून, ते मला माहीत नाही.

“बाबा, देवाला अजून किती वेळा विचारणार?”

“त्याची इच्छा नीट कळावी म्हणून,” मी म्हणालो.

“कळली नाही म्हणून विचारताय, की कळली म्हणून?”

तिने कप ठेवला, वाडग्यातल्या दोन्ही चिठ्ठ्या उघडून टेबलावर पसरल्या, आणि भावाच्या नावावर बोट ठेवले. “याचं यायला हवं होतं ना?”

मला शास्त्रातले वचन आठवेना. पंच झाल्यापासून असे क्वचितच झाले होते.

“तू माझं किती केलंस, त्याची जाणीव आहे मला,” मी म्हणालो.

“मग पगार द्या. घर कशाला?” ती शांतपणे म्हणाली. “त्याला द्यायचं तर सरळ द्या. मी दुसरी जागा बघीन, शिकंजा काय कुठंही बसतो. पण असं नको मला. मंडळीत बायकांच्या चिठ्ठ्या नसतात, म्हणून माझं नाव आयुष्यात पहिल्यांदा वाडग्यात पडलं. देवानं ते तीनदा काढलं. तुम्ही एकदाही नाही.” आणि जाताना म्हणाली, “चहा घ्या, गार होतोय.”

चहा गार झाला. मी धाकट्याला फोन लावला आणि घर घेशील का विचारले.

“घर देताय की गळ टाकताय?” तो म्हणाला. “बाबा, मी दर सुट्टीला येतोच की. तुम्हीच दारात उभं राहून विचारता, उपासनेला जातोस का. आत आल्यावर तरी विचारत जा. घर तिला द्या. मला पुस्तक हवंय, तांबडं.”

तेव्हा आता लिहितो. राहते घर, दुकानासह, मी माझ्या थोरल्या मुलीला देतो. चिठ्ठी निघाली म्हणून देत नाही. चिठ्ठी तर मी तीनदा नाकारली. तिने सेवा केली म्हणूनही देत नाही, कारण त्याची किंमत करायला बसलो तर हे घर पुरणार नाही आणि तिला ते आवडणारही नाही. माझ्या मनात तिला द्यायचे आहे, म्हणून देतो. हे मन मला आज झाले की जगाच्या पायाआधीच ठरले होते, हा प्रश्न मेहुण्यांनी माझ्या कबरेपाशी सोडवावा.

थोरलीला हे घर नाकारण्याचा अधिकार आहे, असे वकील सांगतात. देवाची देणगी कोणाला नाकारता येत नाही असे मी शिकवत आलो. पण देणारा मी आहे, आणि तिने नाही म्हटले तर मला काही करता येणार नाही. तिला अजून विचारलेले नाही. धीर होत नाही.

सहावे. बँकेत जे असेल ते दोन्ही मुलांनी सारखे वाटून घ्यावे. वाडगा मंडळीला परत करावा, सोबत सूचना: चिठ्ठ्यांना पातळ कागद वापरावा, आणि बायकांची नावेही टाकावीत. यावर पंचांची सभा भरेल. मी नसेन, हे बरे.

सहीपूर्वीची नोंद. हे मृत्युपत्र आज वरच्या खोलीत साक्षीदारांसमोर मी मोठ्याने वाचले. वारसाने खोलीत नसावे असे वकिलांचे म्हणणे, म्हणून थोरली खाली पुस्तकांच्या पाठी ठोकत होती. पाचवे कलम सुरू झाले आणि हातोडीचा आवाज थांबला. मी वाचता वाचता अडखळलो. मेहुणे म्हणाले, “दाजी, ते कलम पुन्हा वाचा. जरा मोठ्यानं.” मी पुन्हा वाचले, शेवटपर्यंत.

खाली हातोडी ठेवल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावले वाजली आणि अर्ध्यावर थांबली.

“बाबा,” ती तिथूनच म्हणाली, “मागच्या खोलीचं छप्पर बसलंय. ते कोणी करायचं, तेही लिहा त्यात.”

वकिलांच्या संमतीने पुढील वाक्य वाढवले आहे: छपराची दुरुस्ती घराच्या मालकिणीने आपल्या सवडीने करावी.

(सही) पुस्तकबांधणीवाला, लिहून देणार

साक्षीदार:
(सही) लिहून देणाऱ्याचा मेहुणा, निवृत्त टपाल कारकून. लिहून देणाऱ्याने स्वतःच्या इच्छेने सही केल्याचे मी चष्मा पुसून पाहिले.
(सही) शेजारचा चष्मेवाला. मीही पाहिले.

ठिकाण: राहत्या घराची वरची खोली
दिनांक: ९ मार्च, रविवार, उपासनेनंतर